तापीकाठचे बऱ्हाणपूर : पाण्याचा आणि सुताचा इतिहास

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत बऱ्हाणपूरवर लेख कशाला, असे काही वाचक बंधु-भगिनींना वाटेल. तेव्हा आधी तेवढा खुलासा करतो.

मागे आपल्या अभ्यासवर्गातील मुला-मुलींची सहल घेऊन आम्ही बऱ्हाणपूरला गेलो होतो. परत आल्यावर प्रत्येकाला एक पान लिहायला सांगितले. बहुतेक सगळ्यांनी एकच गोष्ट लिहून आणली. मुमताज बेगम इथे वारली, ताजमहाल खरे तर इथेच बांधायचा होता, पण इथल्या मातीला वाळवी होती म्हणून तो आग्र्याला गेला. किल्ल्यात भेटलेल्या वाटाड्याने सांगितलेली दंतकथा पोरांनी जशीच्या तशी उतरवली. एका मुलीने मात्र बाकी काही न लिहिता एवढेच लिहिले होते की, कुंडीत खाली उतरलो तेव्हा पाण्याचा आवाज येत होता, पण ते कुठून येते ते कुणी सांगितले नाही. आम्ही ते पान दोनदा वाचले. म्हटले, हिच्या प्रश्नाचे उत्तर कुणीतरी लिहून ठेवले पाहिजे. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. जे वाचनालयात वाचले आणि डोळ्यांनी पाहिले, ते आमच्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडत आहोत.

बऱ्हाणपूर आपल्याला परके नाही. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण सरहद्द कागदावरची. रावेर स्टेशनातून गाडीत बसले की अर्ध्या तासात बऱ्हाणपूर येते. आपल्या वस्तीत किती घरांच्या सोयरिकी तिकडच्या आहेत ते मोजायला बसलो तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. आमचे मामा लालबागच्या ताप्ती मिलमध्ये साच्यावर होते. उन्हाळ्याच्या सुटीत आई आम्हाला तिकडे घेऊन जायची. मिलचा भोंगा झाला की मामी चुलीवर तवा ठेवायची, इतके ते घर भोंग्यावर चालायचे. मामांच्या केसांत कापूस असायचा. पुढे आम्ही स्वतः गिरणीत लागलो, बदली म्हणून, आणि तो कापूस आमच्याही डोक्यात आला. सांगायचे एवढेच की, हे शहर आम्ही किल्ल्याच्या दरवाजाने पाहिले नाही, मिलच्या गेटाने पाहिले.

रावेरचेही नाव याच धंद्यात होते, हे आपल्या मुलांना माहीत नाही. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये रावेर गावाची ओळख जरीच्या तारेचे आणि देशी पेहरावाचे गाव म्हणून दिलेली आहे. तेव्हा अजून केळीचे रावेर झालेले नव्हते. बऱ्हाणपूरला जी तारकशी चाले, तिचाच हात इथपर्यंत पोचला होता असे आम्ही समजतो.

आता मूळ शहराकडे येऊ. खानदेशच्या फारुकी घराण्याची आधीची गादी थाळनेरला होती, म्हणजे आज धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्याच काठी. पहिला राजा मलिक राजा १३९९ साली वारला. त्याचा मुलगा नासिरखान याने तापीच्या वरच्या अंगाला दोन वस्त्या वसवल्या. उत्तर तीरावर बऱ्हाणपूर, समोर दक्षिण तीरावर जैनाबाद. नावे दिली ती राजांची नव्हेत, फकिरांची. शेख बुऱ्हानुद्दीन आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन, दोघांच्याही कबरी वेरूळजवळ खुलताबादला आहेत. नदीच्या काठावर उंच किल्ला उभा राहिला तो फारुकींच्याच काळात. राजघाटावरून वर पाहिले तर भिंत अंगावर येते.

फारुकींचे दुसरे एक काम आम्हाला विशेष वाटते. शहराच्या मध्यात जामा मशीद आहे. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याच मशिदीत संस्कृत लेखही आहे, शके १५११ असा काळ घातलेला. आमच्या सोबतच्या एका गृहस्थांना हे खोटे वाटले, तेव्हा त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेले. दगडावरची नागरी अक्षरे बघितल्यावर ते गप्प झाले. नागझिरी भागात कबीरपंथीयांचे निर्णय मंदिर आहे, तेही पाहण्यासारखे. बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी होते आणि स्वतः बाबासाहेब बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानत. आपली माणसे बऱ्हाणपूरला लग्नाला जातात, जेवून परत येतात. नागझिरीला जात नाहीत.

१६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. अकबराची ती शेवटची मोठी मोहीम. मुलगा दानियाल याच्या नावावरून त्याने खानदेशाचे नाव दानदेश ठेवले, पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही. दानियालही चारेक वर्षांत बऱ्हाणपुरातच वारला. तिथून पुढे दक्षिण जिंकायला निघालेल्या मोगलांची ही मोठी छावणी झाली. फौज, घोडे, हत्ती, त्यांच्यामागे बाजार, कारखाने, आणि कारखान्यांमागे राबणारी माणसे. १६१५च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो इथून गेला. शहजादा परवेझचा दरबार त्याने पाहिला, आणि लिहून ठेवले ते असे की, शहजाद्याचा, सुभेदाराचा आणि मोजके वाडे सोडले तर बाकी शहर म्हणजे मातीच्या झोपड्या. आजचे पाटीवरचे वर्णन वाचा आणि रोचे वाचा. त्या मातीच्या घरांत कोण राहत होते, हा आमचा प्रश्न आहे.

याच सुमाराला, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. हेच ते मुलीने विचारलेले पाणी. शहर नदीकाठी असून दुसरे पाणी कशाला, असे कुणी म्हणेल. पण तापी खाली खोल वाहते आणि शहर वर उंचावर. पावसाळ्यात ती गढूळ, उन्हाळ्यात रोडावलेली. लाखांनी माणसे आणि जनावरे छावणीला असताना घाटावरून पखाली वाहून किती वाहणार? शत्रूने नदीत विष कालवले तर, अशीही भीती होती असे लोक सांगतात. इराणकडच्या तब्कुतुल अर्ज नावाच्या जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याची जमीन तपासली. त्याने काय हेरले ते आपल्या रावेरच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी जमीन काळी नाही, गोट्यांची आणि वाळूची आहे. डोंगरावरून आलेला ओढा त्या पट्ट्यात शिरला की बघता बघता आटतो. पाणी नाहीसे होत नाही, खाली उतरते आणि जमिनीखालून तापीकडे चालू लागते. ते नदीला मिळण्याआधी वाटेत अडवायचे, एवढीच युक्ती.

त्यासाठी डोंगराकडून शहराकडे जमिनीखाली एक बोगदा खणला, बेताच्या उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी माती कापत जाईल, कमी झाला तर गाळ बसेल. बोगदा खणायला आणि नंतर साफ करायला वरून विहिरीसारखी भोके पाडली, त्याच या कुंड्या. शंभरावर कुंड्या आहेत, एकापासून दुसरी साधारण वीस मीटरवर, काही ऐंशी फूट खोल. वरून पाहिले तर शेतात ओळीने उभे केलेले विटांचे कठडे दिसतात. खालून सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. ना मोट, ना रहाट, ना इंजिन. पाणी आपल्या वजनाने जाळी करंजापर्यंत येते आणि तिथून पुढे मातीच्या नळांनी शहरात वाटले जाई. किल्ल्यातल्या शाही हमामातही हेच पाणी. कुंडी भंडारा हा एक झाला. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी आणखीही कामे होती. मिळून आठ योजना होत्या असे सांगतात. कुंडी भंडाऱ्याला खुनी भंडारा असेही नाव आहे, त्याच्या नाना कथा आहेत. आम्हाला तिथे खून दिसला नाही, स्वच्छ पाणी दिसले.

तब्कुतुल अर्जचे नाव राहिले, खानखानाचे तर राहिलेच. पण ऐंशी फूट खाली, हातभर उजेडात, कुदळीने मुरूम फोडणारा आणि टोपली वर पाठवणारा कोण? दोन कुंड्यांमधला वीस मीटरचा टप्पा दोन्हीकडून खणत आणून खाली गाठ घालायची, तेव्हा दिशा चुकली तर सगळे श्रम वाया. हे काम नुसत्या अंगमेहनतीचे नाही, डोक्याचे आहे. आम्ही गिरणीत पाहिले आहे. कागदावर इंजिनियरची सही असते, पण साचा कुठे अडतो ते हात लावून सांगणारा जॉबर वेगळाच असतो.

पाण्याबरोबर सुताचे नाव निघालेच पाहिजे. विणलेले कापड धुवायला, रंगवायला पाणी लागते, आणि बऱ्हाणपूरचे कापड जगभर गेले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सतराव्या शतकात दोनदा इथून गेला. इथली पातळ मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे तो नमूद करतो. काहींवर रंगीत फुले, काहींच्या काठाला सोन्या-चांदीची तार. तारकशीचे काम असे की, चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, मग ती लोखंडी पट्टीच्या बारीक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची, केसाएवढी झाली की ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. तो कलाबतू. ओढणाऱ्याच्या बोटांना सोन्याचा रंग लागे, घरी सोने येत नसे.

यात आपली माणसे कुठे होती? मध्य प्रांताविषयी जुने सरकारी ग्रंथ सांगतात की, आपला समाज गावकीच्या कामाबरोबर जाडेभरडे कापड विणत असे. बारीक मलमल दुसऱ्यांनी विणली, शेतकऱ्याच्या अंगावरचे खादीचे धोतर आपल्या हातचे. पुढे विलायती आणि गिरणीचे कापड आले, घरातले माग बसले आणि विणकराची पोरे गिरणीच्या गेटावर उभी राहिली. तिथे मुंबईत काय झाले ते सगळ्यांना ठाऊक असावे. विणकामाच्या खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. ज्यांचा पिढीजात धंदा विणण्याचा, त्यांनाच मागाला हात लावायची बंदी! आमच्या मामांना साचा मिळाला, तेव्हा आजोबांनी गावात गूळ वाटला होता, तो का हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

आता मुमताज बेगमेची गोष्ट. ती खोटी नाही, अपुरी आहे. शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेवर असताना १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात वारली. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्याजवळ तिला तात्पुरते दफन केले, सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेले. चौदा बाळंतपणे सोसलेल्या बाईबद्दल आम्हाला कणव आहे, टिंगल करायची नाही. पण त्याच वर्षी त्याच शहरात आणखी काय चालले होते ते वाटाड्या सांगत नाही. १६३० ते ३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला होता. १६३०च्या अखेरीस पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला निघाला, तो बऱ्हाणपुरावरून गेला. वाटेत गावेच्या गावे ओस, रस्त्याकडेला प्रेते, आणि पोटची पोरे विकायला काढलेले आईबाप, असे त्याने लिहिले. बादशहाने लंगर उघडले. त्याच्याच दरबारी बखरीत हिशेब आहे: बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटायचे, असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख. सोमवारच का, तर बादशहा गादीवर बसला तो वार. एक लाख रुपये त्या वेळी थोडे नव्हते. तरी त्यानंतर ताजमहालाला किती लागले असतील, याचा विचार वाचकांनी करावा.

बेगमेची तात्पुरती कबर दाखवायला आजही माणूस मिळतो. दुष्काळात मेलेल्यांचे एक दगडही नाही. ती माणसे कोण असणार? ज्यांच्या घरात साठवणीचे धान्य नसते ती. सूत कातणारी, टोपली वाहणारी. मुलांनी हे पान लिहिले नाही, कारण आपणच त्यांना सांगितले नाही.

पुढचा इतिहास आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो लढायांचा आहे आणि लढायांची पुस्तके भरपूर आहेत. १६६७ साली मिर्झाराजे जयसिंग इथे वारले, त्यांची छत्री मोहना-तापी संगमावर आहे. १६८१च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेने शहराबाहेरचे पुरे लुटले. निजामाने १७३१मध्ये शहराला कोट घातला. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, राजपुरा, शिकारपुरा ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत, कोट मात्र तुकड्या-तुकड्यांनी उरलाय. १७६०मध्ये पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे, १८०३च्या युद्धात इंग्रजांनी जिंकले, १८६०मध्ये कायमचे त्यांच्याकडे. त्याच दशकात रेल्वे आली, ती शहरात नाही तर तीनेक किलोमीटरवर लालबागेत. स्टेशन जिथे, मिल तिथे. १९०६मध्ये ताप्ती मिल निघाली, १९७४च्या कायद्याने ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. शहरात पॉवरलूमची खडखड वाढत गेली. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मालेगाव, धुळे, भिवंडीसारखे इथेही स्थिरावले होते. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या. लालबागचा भोंगा त्यात गेला. ज्या घराचे जेवण भोंग्यावर चालायचे, तिथे आता मामेभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

सध्या जुन्या शहराच्या कायापालटाची चर्चा आहे. २००३मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून ती वाढली. २०२४मध्ये खुनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले, ही आनंदाची बाब आहे. राजवाड्याला, मकबऱ्याला मान मिळतोच. पाण्याच्या बोगद्याला मिळाला, म्हणजे खणणाऱ्यालाही थोडा मिळाला असे आम्ही धरून चालतो. पाहणाऱ्यांसाठी एका कुंडीत पाळणा बसवलाय, त्यातून खाली जाता येते. खाली भिंतींवर चुन्याचे थर चढलेत. पाण्यातला चुना शेकडो वर्षे साचत गेला आणि वाट अरुंद होत चालली. काही भंडारे तर नुसते नावाला उरले.

नदीकाठाचेही तसेच. घाटावर दिवे लागतील, बाके येतील, पात्रातल्या दगडी हत्तीचे फोटो निघतील. आमची त्याला हरकत नाही. एका बैठकीत आम्ही उठून विचारले की, काठ सजवाल, पण काठावर पिढ्यान्‌पिढ्या कापड धुणारे, रंगवणारे, भाजी लावणारे यांना कुठे बसवणार? वरून उत्तर आले, "काका, हा सौंदर्यीकरणाचा विषय आहे." आम्ही म्हटलं, भाऊ, आम्हीही त्याच विषयावर बोलतोय. मग चहा आला.

आमचे म्हणणे एवढेच की, सुरुवात दिव्यांपासून नको, पाण्यापासून करा. कुंड्यांच्या वरच्या अंगाला डोंगरपायथ्याचा जो गोट्यांचा पट्टा आहे, तो जर बोअर मारून आणि खणून कोरडा केला, तर खालचा बोगदा कितीही चकचकीत केला तरी त्यात वाहणार काय? आणि हा पट्टा बऱ्हाणपुरापुरता नाही. तो तसाच पुढे आपल्या रावेर-यावलच्या डोक्यावरून जातो. सुकी नदीच्या काठची केळी त्याच पाण्यावर उभी आहे. आमच्या लहानपणी विहिरीत पोहरा सोडला की भरून यायचा, आता शेतकरी बोअरचे फूट मोजून दमतो. १० मे २०२५ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचे पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला नेऊन त्याच गोट्यांच्या पट्ट्यात जिरवायचे, अशी ती योजना. तब्कुतुल अर्जने जिथून पाणी काढले तिथे ते परत भरायचे, असे म्हणा. काम कसे होते, कोणाच्या विहिरीला आधी पाणी लागते आणि कोणाच्या वस्तीला शेवटी, यावर आपल्या तरुणांनी डोळा ठेवावा. पाणी कुणापर्यंत पोचते हे बघायला आपल्याला महाडने शिकवले आहे.

येत्या हिवाळ्यात अभ्यासवर्गाची सहल पुन्हा न्यायची ठरले आहे. या वेळी क्रम बदलला आहे. सकाळच्या गाडीने लालबागला उतरून आधी मिलच्या गेटावर. तिथे मामेभाऊ येऊन पाळ्या कशा चालत ते मुलांना सांगेल, त्याने कबूल केले आहे. नंतर कुंडी भंडारा, तिथून शनवाऱ्यावरून जामा मशीद आणि नागझिरी. दुपारचे जेवण राजघाटावर, भाकरी-ठेचा घरूनच आणायचा. किल्ला शेवटी, वेळ उरला तर. ज्या मुलीने पाण्याचा प्रश्न लिहिला होता ती आता दहावीत आहे. कुंडीत उतरल्यावर पाणी कुठून येते ते इतरांना तिनेच समजावून सांगायचे, असे तिला आम्ही सांगून ठेवले आहे. तिने सातपुडा, गोट्यांचा पट्टा आणि बोगदा यांचा नकाशा पाटीवर काढून दाखवला. उतार थोडा जास्त काढला होता, तो दुरुस्त करून दिला.